दारावर विकलेला गॅरेज हीटर, वडिलांची सही आणि लाल टॅग

प्रश्न : आम्ही कॅनडात ब्रॅम्प्टनला स्वतःच्या घरात राहतो. घराला जोडूनच दोन गाड्यांचे गॅरेज आहे. हिवाळ्यात तिथे सुतारकाम करता यावे म्हणून हीटर घ्यायचे मनात होतेच. नोव्हेंबरात आम्ही दोघे कामावर असताना एक विक्रेता दारावर आला आणि 'सरकारी सवलतीची तपासणी' असे सांगून, नाशिकहून आलेल्या माझ्या वडिलांची टॅबलेटवर बोटाने सही घेऊन गेला. दोन दिवसांत माणसे येऊन गॅस हीटर छताला टांगूनही गेली. भाडे दरमहा ८९ डॉलर, मुदत दहा वर्षे. नंतर कंपनीचा फोन आला तेव्हा बँक खात्याचा तपशील मीच दिला. तीन हप्ते गेलेही. आता गॅसचा वास आला म्हणून बोलावलेल्या तंत्रज्ञाने लाल टॅग लावून हीटरचा गॅस बंद केला आहे. कंपनी म्हणते, करार मोडायचा तर ७,४०० डॉलर भरा, नाहीतर घरावर बोजा चढवू. वडिलांच्या सहीचा करार मला बांधील आहे का?

उत्तर : तुम्ही सगळा भार वडिलांच्या सहीवर टाकला आहे, म्हणून आधी तेच बघू. मुद्दा खरा आहे, पण लंगडा. घर वडिलांच्या नावावर नाही आणि तुमच्या वतीने करार करायचा अधिकार तुम्ही त्यांना दिला नव्हता, इथवर ठीक. पण पुढे खात्याचा तपशील तुम्ही दिलात आणि हप्ते जाऊ दिलेत. मुलाने सहीला मागाहून संमती दिली, असे कंपनीचा वकील म्हणणार, आणि त्याचे म्हणणे उडवून लावता येणार नाही. शिवाय वडिलांना साक्षीला उभे करावे लागेल ते वेगळेच. तेव्हा हा मुद्दा नोटिशीत ठेवा, पण शेवटी आणि एका ओळीत.

तुमची बाजू भक्कम आहे ती विक्री ज्या पद्धतीने झाली त्यामुळे. ओंटारिओ या तुमच्या प्रांताच्या २००२ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १ मार्च २०१८ पासून ठरावीक वस्तूंची, ग्राहकाने न बोलावता, दारावर जाऊन विक्री करायला बंदी आहे. फर्नेस (घर तापवणारे मुख्य यंत्र), एसी, वॉटर हीटर, वॉटर फिल्टर, पाणी मृदू करणारी यंत्रे, एअर क्लीनर अशा वस्तू त्या यादीत आहेत. बंदी मोडून केलेला करार मुळातच रद्दबातल ठरतो आणि वस्तू ग्राहकाकडे राहिली तरी त्याच्यावर कसलेही देणे येत नाही.

आता छताला टांगलेला युनिट हीटर 'फर्नेस' ठरतो का, यावर कंपनी नक्की कीस पाडेल. मात्र तुम्ही पाठवलेल्या कराराच्या दुसऱ्या पानावर, हीटरच्या खालीच, बारीक अक्षरांत एक ओळ आहे : 'संपूर्ण घराचा वॉटर फिल्टर, मोफत'. फिल्टर यादीत आहे. तो बसवला की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. पण करारात त्याचे नाव घालून कंपनीने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला आहे. त्याच पानावर 'ग्राहकाने स्वतः संपर्क साधला' या चौकटीत खूणही आहे. ती विक्रेत्यानेच करून घेतली असणार. या धंद्यात असे सर्रास चालते. तुमच्या डोअरबेल कॅमेऱ्यात त्या दिवसाचे चित्रण असेल तर ते आजच उतरवून ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांतले चित्रण काही आठवड्यांत आपोआप पुसले जाते.

समजा बंदीचा मुद्दा टिकला नाही, तरी तुमचा रस्ता बंद होत नाही. घरी येऊन केलेल्या पन्नास डॉलरवरच्या कोणत्याही करारातून, कराराची लेखी प्रत मिळाल्यापासून दहा दिवसांत, कारण न देता बाहेर पडता येते. ते दहा दिवस तुमच्या हातून गेले. पण करारात कायद्याने सांगितलेला मजकूर नसेल तर हीच मुदत एक वर्षाची होते. 'युअर राइट्स अंडर द कंझ्युमर प्रोटेक्शन ॲक्ट, २००२' हा ठळक मथळा आणि त्याखालचा रद्द करण्याच्या हक्काचा मजकूर मला चार पानांत कुठेच सापडला नाही. एकूण देय रक्कमही नाही. ८९ गुणिले १२० म्हणजे १०,६८० डॉलर; हा आकडा छापला असता तर तुमच्या वडिलांनी सही केली नसती. 'सरकारी सवलत' हे खोटे सांगणे ही स्वतंत्रपणे गैरप्रथा आहे आणि त्यावरूनही वर्षभरात करार सोडता येतो.

तेव्हा याच आठवड्यात लेखी नोटीस पाठवा, ईमेलने आणि रजिस्टर्ड पोस्टाने. करार दारावरच्या विक्रीच्या बंदीमुळे रद्दबातल आहे, आणि तसे नसल्यास अपुऱ्या मजकुरामुळे व खोट्या माहितीमुळे मी तो रद्द करत आहे, एवढे लिहा. भरलेले २६७ डॉलर परत मागा. परताव्यासाठी कंपनीला पंधरा दिवस मिळतात. करार एखाद्या फायनान्स कंपनीला विकला गेला असेल तर नोटीस तिलाही जाऊ द्या. तिला मूळ विक्रेत्यापेक्षा जास्त हक्क मिळत नाहीत. नोटीस गेली की बँकेत जाऊन आपोआप कापला जाणारा हप्ता थांबवा, त्याआधी नको. व्यक्तिगत खात्यातून गैरपणे कापलेली रक्कम ९० दिवसांच्या आत कळवली तर बँकेकडून परत मागता येते, म्हणजे तुमचा पहिला हप्ता त्या मुदतीच्या काठावर आहे.

घरावर बोजा चढवण्याची धमकी पोकळ आहे. पूर्वी भाड्याच्या हीटरपायी अशी नोंद जमीन-नोंदणीत केली जायची आणि घर विकताना मालकाला हजारो डॉलर भरून ती सोडवावी लागायची. जून २०२४ च्या होमओनर प्रोटेक्शन ॲक्टने घरगुती वस्तूंसाठी अशा नोंदींवर बंदी आणली आणि आधीच्या नोंदीही संपल्या असे ठरवले. लोकांच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोकडे कंपनी तक्रार करू शकते. तसे झाल्यास नोटिशीची प्रत जोडून हरकत घ्या. कंपनी ढिम्म राहिली तर कंझ्युमर प्रोटेक्शन ओंटारिओ या सरकारी कार्यालयाकडे तक्रार करा आणि त्यानंतर स्मॉल क्लेम्स कोर्ट, म्हणजे लहान रकमांच्या दाव्यांचे न्यायालय. तिथली मर्यादा आता ५०,००० डॉलर आहे. तुमचे प्रकरण त्यात आरामात बसते, वकील लावायचीही गरज नाही.

आता टॅग. तुमच्या फोटोत हीटरचा धूर नेणारा पाइप छताच्या पोकळीत जाऊन तिथेच संपलेला दिसतो, बाहेर निघालेलाच नाही. जळलेल्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असू शकतो आणि जोडगॅरेजच्या पोकळीतून तो वरच्या खोल्यांत पोचतो. वूडस्टॉकला २००८ मध्ये गॅस फायरप्लेसचा धूर कोंडून एका घरातले चौघे गेले. कार्बन मोनॉक्साइडच्या गजराची सक्ती करणारा ओंटारिओचा कायदा त्याच कुटुंबाच्या नावाने ओळखला जातो. जोडगॅरेज असलेल्या घराला हा गजर लागतोच. तुमच्याकडे नसेल तर हे पत्र बाजूला ठेवून आधी तो आणा.

टॅग काढू नका, हीटरही काढून टाकू नका. वस्तू परत नेण्याचा वाद निघाला तर ती जागेवर असणे तुमच्या फायद्याचे, आणि तोच तुमचा पुरावाही आहे. बसवणाऱ्यांनी 'दुरुस्त करून देतो' म्हटले तरी दार उघडू नका. आधी पाइपचे आणि यंत्रावरच्या पाटीचे फोटो घ्या, त्यात बीटीयू (हीटरची उष्णताक्षमता) आणि सिरियल नंबर नीट आला पाहिजे. ओंटारिओत गॅसचे काम टीएसएसए या तांत्रिक सुरक्षा बघणाऱ्या संस्थेकडे नोंद असलेल्या ठेकेदारानेच आणि परवानाधारक तंत्रज्ञानेच करायचे असते. ठेकेदाराचे नाव त्यांच्याकडे तपासा. नोंद नसेल तर तक्रार करा, आणि ते उत्तर नोटिशीच्या फाइलमध्ये लावा.

घराच्या विमा कंपनीलाही लेखी कळवा. ओंटारिओच्या विमा कायद्यात कलम १४८ खाली आगीच्या विम्याच्या ठरलेल्या अटी आहेत. जोखीम बदलणारी गोष्ट वेळेवर लेखी कळवली नाही तर त्या भागापुरता विमा उडतो, ही त्यातली चौथी. तीन महिने झालेत, आता उशीर नको.

राहिला सुतारकामाचा हीटर. माझ्या मते तुम्ही विजेचा घ्यावा. २४० व्होल्टचा, ५ किलोवॉटचा हीटर जवळपास २१ अँपिअर घेतो, म्हणून त्याला ३० अँपिअरचे स्वतंत्र सर्किट लागेल आणि पॅनेलमध्ये तेवढी जागा आहे का ते आधी बघावे लागेल. धुराचा पाइप, गॅसची लाइन ही भानगडच नाही. गॅसच हवा असेल तर बर्नर जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर वर असलाच पाहिजे, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि फरशीलगत साचते. घरातल्या फर्नेसचा डक्ट फोडून गॅरेजमध्ये नेण्याचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका, नियमात बसत नाही. विजेच्या कामासाठी कोटेशन मागाल तेव्हा त्यावर ठेकेदाराचा ईसीआरए परवाना क्रमांक (वीज-ठेकेदाराचा परवाना) आहे का ते बघा, आणि काम झाल्यावर ईएसए या वीज-सुरक्षा संस्थेकडे केलेल्या नोंदीची प्रत हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका.