कॉर्फू बेट इतर ग्रीक बेटांसारखे का दिसत नाही?

आपण विचारले आहे की, ग्रीक बेट म्हटले की पांढरी घरे आणि निळे घुमट डोळ्यांपुढे येतात, पण कॉर्फूच्या छायाचित्रांत एखादे इटालियन शहर दिसते, ते का; आणि आज हे बेट कसे आहे.

पांढरी-निळी घरे ही सँटोरिनी, मिकोनोस अशा एजियन समुद्रातील बेटांची ओळख आहे. कॉर्फू, ज्याला ग्रीक लोक केर्किरा म्हणतात, पश्चिमेकडे आयोनियन समुद्रात, एड्रियाटिकच्या तोंडाशी आहे आणि त्याच्या ईशान्य टोकापासून अल्बानियाचा किनारा जेमतेम दोन किलोमीटरवर आहे. माझ्या मते या बेटाचा बहुतेक इतिहास या जागेतून आणि तिच्या रक्षणासाठी उभारलेल्या किल्ल्यांतून उलगडतो.

प्राचीन काळाबद्दल थोडक्यात सांगतो. इसवी सनपूर्व आठव्या शतकात कोरिंथच्या लोकांनी येथे वसाहत केली. पुढे हीच वसाहत आरमाराच्या बळावर मातृनगरीला डोईजड झाली, इ.स.पू. ४३३ मध्ये दोघींची सागरी लढाई झाली, अथेन्सने केर्किराची बाजू घेतली आणि प्राचीन ग्रीक इतिहासकार थुसिडिडीजने अथेन्स-स्पार्टा यांच्यातील पेलोपोनेशियन युद्धाच्या कारणांत या प्रकरणाला मोठे स्थान दिले. त्या वैभवाची खूण म्हणून आर्टेमिस देवीच्या मंदिरावरील गॉर्गनचे, म्हणजे सापांचे केस असलेल्या राक्षसीचे, प्रचंड शिल्प पुराणवस्तुसंग्रहालयात अवश्य पाहावे.

खरी घडण मात्र व्हेनिसच्या काळातली. १३८६ ते १७९७ अशी चारशेहून अधिक वर्षे व्हेनिसने हे बेट सांभाळले, कारण त्यांच्या पूर्वेकडे जाणाऱ्या गलबतांचा मार्ग येथूनच जात होता. १५३७ मध्ये तुर्कांनी वेढा घातला, तेव्हा तटाबाहेर राहिलेल्या हजारो ग्रामस्थांना गुलाम करून नेण्यात आले. त्यानंतर नवा तट आणि नवा किल्ला बांधला गेला. तटाच्या आत जागा मोजकीच असल्याने घरे वर वर चढत गेली. जुन्या शहरातील पाच-सहा मजली इमारती, त्यांच्यामधले अरुंद बोळ आणि डोक्यावरून या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत ताणलेल्या कपड्यांच्या दोऱ्या हे सारे त्या टंचाईचे फळ आहे. उलट, जुन्या किल्ल्यासमोरील वस्ती तोफांच्या माऱ्याच्या आड येऊ नये म्हणून हटवण्यात आली आणि स्पियानाडा हे विस्तीर्ण मैदान तयार झाले. आपल्याकडे किल्ले पाहताना आपण बुरूज आणि दरवाजे पाहतो. येथे किल्ल्याने मोकळी ठेवलेली जागाही तितकीच पाहण्याजोगी आहे.

१७१६ मध्ये तुर्कांनी पुन्हा मोठा वेढा घातला. योहान मथियास फॉन डेअर शुलेनबुर्ग या व्हेनिसच्या सेवेतील जर्मन सेनानीने तो परतवला. त्याचा पुतळा जुन्या किल्ल्याच्या प्रवेशाजवळ उभा आहे. शहरातील भाविक मात्र याचे श्रेय बेटाचा रक्षक मानल्या जाणाऱ्या संत स्पिरिडॉनला देतात आणि दरवर्षी ११ ऑगस्टला त्याच्या जतन केलेल्या देहाची मिरवणूक निघते. शहर शेवटपर्यंत तुर्कांच्या हाती पडले नाही, त्यामुळे ग्रीसच्या मुख्य भूमीवर दिसणारा ऑटोमन, म्हणजे तुर्की साम्राज्याचा, ठसा येथे जवळजवळ नाही. व्हेनिसने ऑलिव्हच्या लागवडीला रोख इनाम दिल्यामुळे डोंगरउतार झाडांनी भरून गेले. येथे भरपूर पाऊस पडतो आणि झाडे फारशी छाटत नसल्याने ती चांगलीच उंच वाढतात. त्यामुळे फळे खाली पसरलेल्या काळ्या जाळ्यांवर आपोआप गळू देण्याची जुनी पद्धत अजून दिसते.

नंतर फ्रेंच आले आणि त्यांनी स्पियानाडाच्या कडेला लिस्टन ही कमानींची देखणी रांग बांधली. १८१५ पासून १८६४ पर्यंत ब्रिटिशांचे संरक्षित राज्य होते. त्यांनी मैदानाच्या टोकाला राजवाडा उभारला. आज त्यात आशियाई कलेचे संग्रहालय असून चीन-जपानसोबत भारतातील वस्तूही आहेत. समोर सर फ्रेडरिक ॲडमचा पुतळा आहे. शहराला पाणी आणून देणारा हा गव्हर्नर पुढे मद्रासचा गव्हर्नर झाला. क्रिकेटही त्याच काळातले: तोफांसाठी मोकळ्या ठेवलेल्या मैदानावर १८२३ मध्ये पहिला सामना झाला आणि स्थानिक ग्रीकांनी खेळ उचलला. ग्रीसमधील क्रिकेटचे माहेरघर आजही हेच बेट आहे. मैदानालगत मोटारींचा तळ झाला आहे, ही गोष्ट मला तरी खटकते.

संगीताची गोष्टही अशीच. संताच्या मिरवणुकीत लष्करी बँड पाठवणे ब्रिटिशांनी बंद केल्यावर शहरवासीयांनी १८४० मध्ये स्वतःची फिलहार्मोनिक, म्हणजे वाद्यवृंदाची, संस्था काढली. ग्रीसच्या राष्ट्रगीताला चाल देणारे निकोलाओस मांत्झारोस तिचे पहिले कलादिग्दर्शक होते. आज शहरातच नव्हे तर खेड्यांतही असे बँड आहेत आणि मुले तेथे विनामूल्य वाद्ये शिकतात. ईस्टरच्या आठवड्यात मी तेथे होतो. पवित्र शनिवारी सकाळी अकराला बाल्कन्यांवर लाल कापडे झुलत होती. तिसऱ्या मजल्यावर आजी आणि नातवाने मिळून पाण्याने काठोकाठ भरलेला मातीचा घडा कठड्यावर तोलून धरला आणि घंटा वाजताच खाली सोडला. रस्त्यावर खापऱ्यांचा खच पडला आणि लोक शुभ म्हणून एकेक तुकडा खिशात घालू लागले. त्यापाठोपाठ बँड वाजू लागले.

विसाव्या शतकाने येथे जखमाही केल्या. सप्टेंबर १९४३ मधील जर्मन बाँबफेकीत शहराचा मोठा भाग आणि त्यातील नाट्यगृह जळाले. जून १९४४ मध्ये सुमारे दोन हजार यहुदी रहिवाशांना आउशवित्झ या नाझी मृत्युछावणीत नेण्यात आले आणि त्यांतले थोडेच परतले. जुन्या यहुदी वस्तीत आता एकच सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) उरले आहे. पर्यटकांच्या फेरफटक्यात ते सहसा नसते, म्हणून मुद्दाम सांगतो.

युनेस्कोने २००७ मध्ये जुन्या शहराला जागतिक वारशाचा दर्जा दिला. आजची कमाई मुख्यतः पर्यटनाची आहे आणि तिचे चेहरे अनेक आहेत. दक्षिणेकडील कावोस येथे तरुण ब्रिटिश पर्यटकांचा रात्रभर धिंगाणा चालतो. पालेओकास्त्रित्साच्या खाड्या फार सुंदर आहेत, पण जुलै-ऑगस्टमध्ये तेथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. क्रूझ जहाजे लागली की जुन्या शहरातील बोळ दुपारपर्यंत तुंबतात. म्हणून मे किंवा सप्टेंबरअखेर जावे, मुक्काम शहरातच करावा आणि बोळांतून सकाळी लवकर हिंडावे. जेवणात सोफ्रितो आणि पास्तित्सादा हे व्हेनिसच्या काळापासूनचे मांसाहारी पदार्थ मिळतात. शाकाहारी व्यक्तीने ऑलिव्ह तेलातील भाज्यांच्या पदार्थांची चौकशी करावी. बंदरातून अल्बानियातील सारांडाला जलद बोट सुमारे अर्ध्या तासात पोहोचते, पण अल्बानिया शेंगेन क्षेत्राबाहेर (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या, ग्रीससह अनेक युरोपीय देशांच्या गटाबाहेर) असल्यामुळे आपला व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर त्यावर परत कॉर्फूला येता येणार नाही. तिकीट काढण्यापूर्वी हे तपासून घ्यावे.