बैठक बोलावण्याआधी ऐकून घ्या

प्रश्न : अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात मिरवणुकीच्या वादातून दोन गल्ल्यांत दगडफेक झाली. नंतर शांतता समितीत हात मिळवले गेले, फोटो निघाले. पण अजूनही लोक एकमेकांच्या दुकानाची पायरी चढत नाहीत. समुपदेशकांची समानुभूती, म्हणजे समोरच्याच्या जागी जाऊन त्याचं समजून घेणं, इथे कामाला येईल की ते नुसतं गोड बोलणं आहे? – एक शिक्षक

उत्तर : येईल, पण बैठकीच्या आधी. चारचौघांत माणूस स्वतःचं बोलत नाही, गल्लीचं बोलतो. म्हणून दोन्हीकडची चार-पाच माणसं निवडा. नुसते पुढारी नकोत. जिच्या घराच्या काचा फुटल्या ती बाई आणि मिरवणुकीत पुढे नाचणारा पोरगाही हवा. प्रत्येकाशी त्याच्याच ओट्यावर, एकट्याशी, पाऊण तास बोला. मोबाइल बंद, लिहून घेणं नाही. घरात अहिराणी चालत असेल तर अहिराणीतच विचारा. ‘तुमले काय वाटस?’ म्हटल्यावर माणूस जितका मोकळा होतो, तितका सरकारी मराठीत होत नाही.

समजा तो म्हणाला, ‘त्यांनी मुद्दाम आमच्या दारात डीजे थांबवला.’ ‘जाऊ द्या हो, पोरं आहेत’ म्हणालात की तो मिटला. त्याचं दुखणं तुम्ही किरकोळ ठरवलंत. त्याऐवजी म्हणा, ‘घरात म्हातारं माणूस आजारी आहे हे माहीत असून थांबवला, ते जास्त लागलं.’ मग चार-पाच सेकंद गप्प बसा. तुमचा अंदाज चुकला तरी बिघडत नाही, तोच दुरुस्त करतो : ‘आजारपणाचं नाही हो, पोलिसांनी आमच्याच पोरांना उचललं त्याचं.’ खरी तक्रार तिथे सापडली. समितीत ती कुणी बोललंच नव्हतं.

एका प्रश्नामागे असे दोन पडताळे, म्हणजे त्याचं म्हणणं अंदाजाने त्यालाच बोलून दाखवणं, हे प्रमाण ठेवा. प्रश्नांचा मारा झाला की ती चौकशी वाटते. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळा, माणूस सफाई द्यायला लागतो, ‘कधीपासून’, ‘नेमकं काय झालं’ असं विचारा.

सगळ्यात मोठी चूक होते ती इथे : ‘ते लोक असलेच’ हे वाक्य आपण मान डोलावत परत म्हणतो आणि द्वेषावर शिक्का मारून बसतो. भीती आणि अपमान यांना शब्द द्या, आरोपाला देऊ नका. ‘तुमच्याशी कोण, कधी असं वागलं?’ असं विचारून ‘ते लोक’वरून एका माणसावर, एका प्रसंगावर आणा. पाहिलेलं, ऐकलेलं आणि मोबाइलवर आलेलं वेगळं करून घ्या.

एवढं झाल्यावरच सहा ते आठ जणांना दोन तास एकत्र बसवा. बैठक चालवायला दोघं असावीत, दोन्हीकडचं एकेक. नियम एकच : उत्तर देण्याआधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि तो ‘हो, हेच’ म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. ही युक्ती अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी सुचवलेली. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक-प्रोटेस्टंट हिंसाचार चालू असताना, १९७२ साली त्यांनी तिथल्या बेलफास्ट शहरातल्या दोन्हीकडच्या लोकांना असंच समोरासमोर बसवलं होतं. तिथला शांतता करार व्हायला मात्र १९९८ साल उजाडलं. तेव्हा नुकसानभरपाई, गुन्हे, मिरवणुकीचा मार्ग हे प्रश्न स्वतंत्रपणे सोडवावेच लागतील. ऐकून घेण्याने ते सुटत नाहीत, त्यांवर बोलता येऊ लागतं.

प्रश्न : पुतण्या घरच्या ग्रुपवर रोज द्वेषाचे मेसेज टाकतो. पुरावे दिले तर जास्तच चिडतो. – शिरपूर

उत्तर : ग्रुपवर उत्तर देऊ नका, तिथे माघार घेणं त्याला कमीपणाचं वाटतं. एकट्याला गाठा. अमेरिकेत मायामीमध्ये कार्यकर्त्यांनी तृतीयपंथी लोकांविषयी घरोघरी साधारण दहा-दहा मिनिटं असा एकेकट्याशी संवाद केला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पूर्वग्रह घटल्याचा परिणाम किमान तीन महिने टिकलेला दिसला. तुम्हीही पुतण्याचं मत ऐका, नावं ठेवू नका. मग विचारा, ‘तुला कधी कुणी न ओळखता नावं ठेवली होती का?’ तुमचाही तसा अनुभव सांगा. आकडेवारी त्यानंतर, तीही त्याने विचारली तर.

प्रश्न : एका बाईला नवरा मारहाण करतो. दोघांना एकत्र बसवून समजूत काढावी का? – चोपडा

उत्तर : मारहाण चालू असताना एकत्र बसवू नका. ती त्याच्यासमोर खरं बोलू शकत नाही आणि बोलली तर घरी गेल्यावर त्याची किंमत मोजते. तिचं एकटीचं ऐका. ‘पण तूही काही बोलली असशील’ हे वाक्य तोंडातून जाऊ देऊ नका. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार संरक्षण अधिकाऱ्याकडे तिची तक्रार देता येते. मदतीसाठी १८१, जिवाला धोका असेल तर लगेच ११२. हे क्रमांक तिच्या मोबाइलमध्ये दुसऱ्या नावाने जतन करून द्या.