राजीनामा बाजूला ठेवा, तीस दिवसांचं बोला

एका अनुदानित माध्यमिक शाळेतल्या शिक्षण सेविकेचं, म्हणजे पहिली तीन वर्षं मानधनावर शिकवणाऱ्या शिक्षिकेचं, पत्र समोर आहे. शिक्षक भरतीच्या सरकारी ‘पवित्र’ पोर्टलवरून, मुलाखतीसह झालेल्या भरतीत त्यांची निवड झाली. दोन वर्षं नऊ महिने त्यांनी शिकवलं. दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी हजेरीपटावर सही करू दिली नाही. ‘तुमचा राजीनामा संस्थेकडे आहे’ एवढंच सांगितलं. हा राजीनामा म्हणजे रुजू होताना सही करून दिलेले दोन कोरे कागद. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ‘राजीनामा मंजूर’ असं संस्थेचं पत्र टपालानं घरी आलं. त्यानंतर शिक्षणाधिकारी कार्यालयात चार अर्ज झाले. आता एप्रिल उजाडला आणि त्या विचारतात, तीन वर्षं तर आता उलटली, मग मी आपोआप कायम झाले ना?

मॅडम, तुमच्यासारखी पत्रं मला दरवर्षी येतात, आणि बहुतेक सगळी उशिरा येतात. संस्थेनं केलं ते चूक आहे हे सांगण्यात मी जागा घालवत नाही. तुम्ही सगळा जोर राजीनाम्यावर दिला आहे. तुमच्या प्रकरणातला तो सगळ्यात सोपा भाग आहे. प्रकरण बुडवू शकते ती एकच गोष्ट, आणि ती तुमच्या पत्रात कुठेही नाही.

महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७. त्याचं कलम ९. नोकरीवरून काढलेल्या किंवा अन्य प्रकारे सेवा संपवलेल्या कर्मचाऱ्यानं शाळा न्यायाधिकरणात, म्हणजे खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांची अपिलं ऐकणाऱ्या न्यायपीठापुढे, अपील करायचं, आणि ते आदेश हाती आल्यापासून तीस दिवसांत. डिसेंबरात पत्र मिळालं म्हणजे तुमची मुदत जानेवारीतच संपली. त्यानंतरचा प्रत्येक दिवस तुमच्या खात्यावर चढतो आहे. हे पत्र मला मिळाल्यापासूनचे दिवससुद्धा.

शिक्षणाधिकाऱ्यांकडे चार अर्ज का केलेत? त्यांना तुम्हाला पुन्हा कामावर घ्यायला लावण्याचा अधिकारच नाही. तो न्यायाधिकरणाला आहे. ‘साहेब बघतो म्हणाले’ या वाक्यावर जिल्ह्याजिल्ह्यांतल्या किती शिक्षकांनी आपली मुदत घालवली, ते पाहून मला अजूनही चीड येते. त्या कार्यालयातल्या एकानेही तुम्हाला ‘बाई, न्यायाधिकरणात जा’ असं सांगितलं नाही, याचीही.

तरी दार बंद झालेलं नाही. त्याच कलमाच्या पोटकलम (३) प्रमाणे, वेळेत न येण्याला पुरेसं कारण होतं असं पटलं तर न्यायाधिकरण तीस दिवसांनंतरही अपील दाखल करून घेऊ शकतं. विलंब माफ करताना न्यायालयांनी दृष्टी उदार ठेवावी, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८७ मध्ये कातिजी प्रकरणात सांगितलं आहे. पण उदार दृष्टी म्हणजे हक्क नव्हे. तुमच्या बाजूनं एवढंच आहे की तुम्ही घरी बसून नव्हता, चुकीच्या दारात का होईना, दाद मागत होता. ते कागदानं दाखवावं लागेल. म्हणून चारही अर्जांच्या आवक शिक्का असलेल्या प्रती आधी शोधा. शिक्का नसेल तर कार्यालयातून आवक क्रमांक घ्या. संस्थेचं पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीट टाकलं असेल, असं मी गृहीत धरतो. नसेल टाकलं तर जपा, कारण तीस दिवस पत्र हाती आल्यापासून मोजायचे, आणि ते कधी आलं हे दाखवायला त्यावरचा टपालाचा शिक्का कामाला येतो. विलंब माफीचा अर्ज शपथपत्रासह अपिलाबरोबरच द्यायचा. त्यात तारखा लिहा. ‘मानसिक धक्का बसला होता’ एवढं एकच वाक्य लिहून भागत नाही. आजारपण असेल तर डॉक्टरांचा कागद लावा, नसेल तर आजार घालू नका.

आता राजीनामा. कलम ७ सांगतं की राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हींवर सही आणि तारीख घालायची, एक प्रत स्वतःजवळ ठेवायची आणि दुसरी रजिस्टर पोस्टानं संस्थेला पाठवायची. विधिमंडळानं ही अट घातली ती नेमकी अशा कोऱ्या सह्यांना आळा घालण्यासाठी. तुम्ही पोस्टात गेलाच नाहीत, तर रजिस्टर पोस्टाची पावती संस्था आणणार कुठून? मात्र तुमच्या तिसऱ्या अर्जातलं एक वाक्य वाचून मी कपाळाला हात लावला: ‘मी दिलेला राजीनामा मागे घेत आहे.’ जो दिलाच नाही तो मागे कसा घेता? हे वाक्य संस्थेचा वकील पहिल्याच तारखेला वाचून दाखवेल. ते कोणी लिहून दिलं, कोणत्या परिस्थितीत सही केली, हे अपिलात आपणहून मांडा. आणि यापुढे माझ्या किंवा तुमच्या वकिलाच्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही अर्ज कुठे देऊ नका. कोऱ्या कागदावर सही करताना नोकरीची गरज होती, हे मला समजतं. नोकरी गेल्यावर पाचव्या महिन्यात या अर्जावर न वाचता सही केलीत, ते मात्र समजत नाही.

तीन वर्षं उलटल्यानं आपोआप कायम? नाही. कलम ५ प्रमाणे शिक्षण सेवक तीन वर्षांची परिवीक्षा (काम पारखण्याचा काळ) पूर्ण झाल्यावर कायम झाला असं मानलं जातं, पण तुमची सेवा कागदोपत्री त्याआधी थांबली आहे. ती चुकीनं थांबवली असं ठरलं तरच पुढचे महिने मोजायचा प्रश्न येतो. तो कसा सुटेल याची हमी मी देत नाही. परिवीक्षेत काम असमाधानकारक म्हणून एक महिन्याची नोटीस किंवा तेवढं मानधन देऊन काढण्याचा मार्ग संस्थेला होता. त्यासाठी याच अधिनियमाखालच्या नियमावलीतल्या नियम १५ प्रमाणे मुख्याध्यापकांनी तुमच्या कामाचं मूल्यमापन करून त्याची नोंद ठेवायला हवी. तुमच्या वर्गाचे निकाल चांगले होते म्हणता. नोंदी तशाच असतील, म्हणूनच राजीनाम्याची वाट धरली असावी. तुमच्या नेमणुकीला शिक्षणाधिकाऱ्यांनी द्यायची वैयक्तिक मान्यता प्रलंबित आहे याची फार धास्ती घेऊ नका. मान्यता नाही एवढ्यावरून नियुक्ती बेकायदा ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं सेंट उलई हायस्कूलच्या प्रकरणात म्हटलं आहे. थकलेल्या मानधनाचा विषय यात मिसळू नका, त्याची वाट बहुधा उच्च न्यायालयातून जाते.

राज्यानं २००० मध्ये ही शिक्षण सेवक योजना आणली. बी. एड. झालेल्या माणसाला तीन वर्षं वेतनश्रेणीबाहेर ठेवायचं. माध्यमिकचं मानधन कित्येक वर्षं ८,००० रुपये होतं, २०२३ मध्ये ते १८,००० झालं. पैसा सरकारचा, पण दोर संस्थेच्या हातात. तिसरं वर्ष संपत आलं की दोर आवळला जातो, कारण त्यानंतर तो हातात राहत नाही. मानधन वाढवलं ते बरं झालं, पण या शेवटच्या तीन महिन्यांत शिक्षकाच्या पाठीशी उभं राहणारं कोणी नाही.

अपिलात संस्था, मुख्याध्यापक आणि शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांना पक्षकार करा. तुमच्या जागी कोणी नेमलं असेल तर त्यालाही. कलम १० न्यायाधिकरणाला संस्थेच्या आदेशाला स्थगिती देण्याचा अधिकार देतं, तो अर्ज सोबत जोडा. अपील तीन महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, नाही जमलं तर कारणं नोंदवावीत, असंही त्याच कलमात आहे. प्रत्यक्षात पीठासीन अधिकाऱ्याची खुर्ची रिकामी असते आणि लोक एसटीनं येऊन नुसती पुढची तारीख घेऊन जातात. म्हणून प्रत्येक तारखेला हे पोटकलम वकिलामार्फत लेखी मांडत राहा.

मे महिन्याच्या सुटीआधी अपील दाखल झालं पाहिजे. राजीनाम्याची प्रत मिळाली नाही म्हणून थांबू नका. ती मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज शिक्षणाधिकारी कार्यालयात आजच द्या. प्रत मिळाली की कागदपत्रांच्या यादीसह नंतर दाखल करता येते.