वाचक विचारतात : पोरं अमेरिकेहून ब्रिटनला गेली, आता?

अमेरिकेतून ब्रिटनमध्ये बदलून गेलेल्या मुलामुलींच्या घरच्यांचे प्रश्न या अंकात घेतले आहेत. न्यू जर्सीची सवय तिथे अडचणीची ठरते आणि जळगाव-धुळ्याची कामाला येते, असं बऱ्याच ठिकाणी दिसेल.

प्रश्न : जावयांची बदली न्यू जर्सीहून इंग्लंडात रेडिंगला झाली. तिकडचा मिक्सर, राइस कुकर, इस्त्री सगळं सामानात घालून आणायचं म्हणतात. अडॅप्टर लावला की चालेल ना? (पाचोरा)

नाही चालणार. अडॅप्टर फक्त पिना जुळवतो, व्होल्टेज बदलत नाही. अमेरिकेत घरात १२० व्होल्ट येतात, ब्रिटनमध्ये २३०. तिकडची इस्त्री ब्रिटनमध्ये लावली तर ती जवळजवळ पावणेचारपट वीज ओढेल आणि कॉइल क्षणात जाईल. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण राइस कुकर पेलणारा म्हणजे काही किलोंचं धूड. शिवाय अमेरिकेत विजेची फ्रिक्वेन्सी ६० हर्ट्झ, ब्रिटनमध्ये ५०. ती ट्रान्सफॉर्मरने बदलत नाही, त्यामुळे काही मोटारी हळू फिरतात आणि तापतात. वस्तूच्या तळाशी ‘१००-२४०’ छापलेलं असेल (लॅपटॉप, मोबाइलचे चार्जर) तेवढंच न्यावं. बाकीचं तिथेच विकून टाकावं.

उलट आपल्याकडचा मिक्सर तिथे बिनदिक्कत चालतो, कारण भारतातही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच आहे. फक्त प्लग बदलायचा. ब्रिटिश प्लग तीन चौकोनी पिनांचा असतो आणि त्याच्या आतच फ्यूज असतो. प्लग मागून उघडलात की वरच्या पिनेला हिरवी-पिवळी अर्थिंगची वायर, डावीकडे निळी न्यूट्रल आणि उजवीकडे, फ्यूजच्या बाजूला, तपकिरी फेज. ढोबळ नियम असा की ७०० वॉटपर्यंत ३ अँपिअरचा फ्यूज, त्यावर १३ चा. ७५० वॉटच्या मिक्सरला ३ चा घातला तर शेंगदाण्याची चटणी वाटताना उडेल. आणि हो, तिथल्या बाथरूममध्ये साधं सॉकेट नसतं. हेअर ड्रायर खोलीतच वापरायचा.

प्रश्न : मुलीकडे अमेरिकेचं लायसन्स आहे, दहा वर्षं गाडी चालवते. पुन्हा परीक्षा कशाला? (धुळे)

अमेरिकेचं लायसन्स ब्रिटनमध्ये बदलून मिळत नाही. राहायला आल्यापासून १२ महिने ते चालतं, नंतर नाही. आधी प्रोव्हिजनल (शिकाऊ) लायसन्स काढायचं, मग लेखी परीक्षा द्यायची : ५० पैकी ४३ बरोबर हवेत, शिवाय व्हिडिओत धोका ओळखण्याच्या भागात ७५ पैकी ४४ गुण. त्यानंतर रस्त्यावरची परीक्षा. तिच्या तारखा लवकर मिळत नाहीत, म्हणून बारावा महिना उजाडायची वाट पाहू नये.

जुने चालक नापास होतात ते सवयीमुळे. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी लाल सिग्नलला थांबून उजवीकडे वळता येतं. ब्रिटनमध्ये लालला डावीकडेही वळायचं नाही. परीक्षेत हे केलं की निकाल तिथेच लागला. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकचं मिळतं. डाव्या बाजूने चालवायचा प्रश्न धुळ्यात शिकलेल्या मुलीला पडू नये.

प्रश्न : नोकरी रेल्वेत झाली. मे महिन्यात सपत्नीक रेडिंगला जातोय. रोज पोरांना गाडी काढायला लावायची नाही, आमचं आम्ही फिरू. तिकिटांचं गणित सांगा. (भुसावळ)

तुम्हाला तिथे एकच गोष्ट विचित्र वाटेल : त्याच गाडीचं, त्याच डब्यातलं तिकीट शेजारच्यापेक्षा दुप्पट असू शकतं. भाडं वेळेवर ठरतं. ‘एनीटाइम’ सर्वांत महाग, ‘ऑफ-पीक’ सकाळची गर्दी ओसरल्यावरचं, आणि ‘अ‍ॅडव्हान्स’ स्वस्त पण त्याच गाडीपुरतं. ती चुकली की तिकीट वाया. वेटिंग लिस्ट हा प्रकार नाही. बहुतेक गाड्यांत आरक्षण नसलं तरी तिकिटावर चढता येतं.

दोघं कायम बरोबर असाल तर ‘टू टुगेदर’ रेलकार्ड घ्या. दोघांत एकच कार्ड, वर्षाला ३५ पौंड, भाड्यात एक तृतीयांश सूट. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आत ते चालत नाही. एकेकटे फिरणार असाल तर साठीपुढच्यांचं सीनियर रेलकार्ड बरं. त्यासाठी ब्रिटिश नागरिक असावं लागत नाही, पासपोर्टवर वय दिसलं की झालं. कार्ड घरी विसरून सवलतीच्या तिकिटावर बसू नका. इंग्लंडमध्ये दंड १०० पौंड अधिक भाडं असा आहे, २१ दिवसांत भरला तर ५० अधिक भाडं.

गाडी उशिरा पोचली तर पैसे परत मागता येतात. एकेरी तिकिटावर ३० मिनिटांपासून निम्मे, तासाभरापुढे पूर्ण. अर्ज २८ दिवसांत करायचा आणि तोवर तिकीट फेकायचं नाही. हा नियम भुसावळला लावला तर काय होईल, ते तुम्हीच सांगा.

रेडिंगहून ऑक्सफर्ड अर्ध्या तासावर, बाथ तासाभरावर, दोन्हीकडे थेट गाडी. मे महिन्याचा पहिला आणि शेवटचा सोमवार सुट्टीचा. त्या शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात आणि गाडीऐवजी बसमध्ये बसवतात, म्हणून ते दिवस टाळा. लंडनच्या बसमध्ये रोख घेत नाहीत, कार्ड टेकवायचं, १.७५ पौंडांत तासाभरात हव्या तितक्या बस बदलता येतात. ब्रिटिश म्युझियम, नॅशनल गॅलरी फुकट. पायी फिरायचं तर पिवळा बाण पाहा. ती सार्वजनिक पायवाट, शेतातून गेली तरी हक्काची. फाटक जसं असेल तसंच सोडायचं, आणि वासरांसह गायी दिसल्या तर लांबून वळसा घालायचा.

प्रश्न : मुलगा अमेरिकन नागरिक, आता मँचेस्टरला. शिरपूरला त्याचं नि आमचं जॉइंट खातं आणि एफडी आहे. अमेरिका सोडली, म्हणजे तिथल्या टॅक्सचा पिच्छा सुटला ना? (शिरपूर)

नाही सुटला. नागरिक जगात कुठेही राहो, अमेरिकेचं रिटर्न भरावंच लागतं. त्याशिवाय अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर बाहेरच्या खात्यांची माहिती देणारा फिनसेन ११४ हा फॉर्म ऑनलाइन भरायचा. त्यात मँचेस्टरचं पगाराचं खातं आलं आणि शिरपूरचं जॉइंट खातंही आलं. तुमचे पैसे म्हणून निम्मे वगळता येत नाहीत, पूर्ण रक्कम दाखवायची. हा फॉर्म फक्त माहितीचा आहे, तो भरल्याने वेगळा कर लागत नाही. मुदत १५ एप्रिल, आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत वाढते. ब्रिटनमधलं करमुक्त आयएसए खातं अमेरिकेच्या हिशेबी करमुक्त नाही, हेही त्याला सांगा. आणि शिरपूरचं खातं अजून साधं बचत खातं असेल तर ते एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करावं लागेल का, हे बँकेत जाऊन विचारून घ्या.

प्रश्न : तिकडे आजारी पडलो तर दवाखाना फुकट ना? (अमळनेर)

पाहुण्यांना नाही. तातडीच्या विभागातली तपासणी फुकट, पण दाखल करून घेतलं की इंग्लंडमध्ये सरकारी दराच्या दीडपट बिल लागतं. निघण्यापूर्वी विमा काढा, त्यात जुनी दुखणी लिहून घ्या.

प्रश्न : डिसेंबरात जातोय. लेकीला भरीत पार्टी करायची आहे. वांगी नेता येतील? (यावल)

ताजी वांगी रोपस्वास्थ्याच्या सर्टिफिकेटशिवाय विमानतळावर काढून घेतात. केळीला ते लागत नाही, पण केळी तिथे ढिगाने मिळतात. तिथलं मोठं जांभळं वांगं साधारण ३०० ग्रॅमचं, चौघांना चार घ्या. ओव्हनमध्ये शिजेल, पण धुराचा वास लागणार नाही आणि वांगं फुटलं तर साफसफाई वेगळी. परसात कोळशाची बार्बेक्यू शेगडी लावा. कोळशावर पांढरी राख धरल्यावर, काट्याने टोचलेली वांगी अर्धा तास फिरवत भाजा. पाणी जास्त सुटतं, सोलून दहा मिनिटं चाळणीत निथळू द्या, मगच मिरची-लसूण घालून ठेचा. पाऊस आला म्हणून शेगडी घरात किंवा गॅरेजमध्ये घेऊ नका. कोळशाचा विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक सार्वजनिक बागांत शेगडी पेटवायला बंदी असते.

कळण्याचं पीठ, पापड, तिखट, शेंगदाणे बंद पाकिटात न्या. तूप आणि पेढे नेऊ नका, दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत.