बाबांना एआय वापरू द्यावं का?

कोथरूडला एकटे राहणारे सत्तरीचे वडील हल्ली भाडेकरारापासून औषधांपर्यंत सगळं मोबाईलवरच्या एआयला विचारतात, त्यांना अडवावं का, असं तुम्ही विचारलंय. अडवू नका. हातातला कागद समजून घ्यायला एआय फार उपयोगी आहे. कागद हातात नसताना कायदा किंवा डोस विचारला, की गडबड होते.

एआय पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, त्या हिशेबाने वाक्य रचतं. माहिती कच्ची असली तरी भाषा ठामच असते. अकरा महिन्यांच्या भाडेकराराला नोंदणी लागते का, असं मोघम विचारलं तर ‘वर्षाच्या आतला असेल तर लागत नाही’ असं उत्तर येऊ शकतं, कारण देशभरच्या मजकुरात तेच सापडतं. आपल्याकडे मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार (म्हणजे घर भाड्याने देण्याचा नेहमीचा करार) लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती केली नाही तर शिक्षेची तरतूद आहे, शिवाय वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. म्हणजे फ्लॅट बाबांचा असेल तर भुर्दंड त्यांनाच.

म्हणून एआयला कराराचा मसुदाच द्यायचा आणि विचारायचं: ‘डिपॉझिट कधी परत मिळणार, नोटीस किती दिवसांची, रंगाचा खर्च कोणाचा? कलमाचा क्रमांक सांग. मसुद्यात नसेल तर नाही म्हण.’ मग तो क्रमांक काढून मूळ ओळ स्वतः वाचायची. आधार आणि पॅन क्रमांक आधी झाकायचे. चॅटजीपीटी वापरत असतील तर सेटिंग्जमधल्या डेटा कंट्रोल्समध्ये जाऊन, संभाषण मॉडेल सुधारायला वापरू देण्याचा पर्याय बंद करून द्या.

औषधाच्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठीचा फोटो टाकून डोस ठरवणं पूर्ण बंद. सारख्या नावांची औषधं असतात, दशांश चिन्ह वाचताना सुटतं. रिपोर्टमधले शब्द समजून घेऊन डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मराठीत लिहून घेणं, एवढं जरूर करावं.

मला जास्त काळजी वाटते ती आवाजाच्या नकलेची. काही सेकंदांच्या रेकॉर्डिंगवरूनही आवाजाची नक्कल करता येते, आणि आपले व्हिडिओ तर सगळीकडे पडलेले असतात. ‘बाबा, अपघात झालाय, लगेच पैसे पाठवा’ असा तुमच्याच आवाजात फोन आला, तर फोन ठेवायचा आणि सेव्ह केलेल्या नंबरवर आपण लावायचा. स्क्रीनवर दिसणाऱ्या नंबरावर विश्वास नको, तोही खोटा दाखवता येतो. घरात एक खुणेचा शब्द ठरवा. वाढदिवस, गावाचं नाव असलं काही नको, ते फेसबुकवर सापडतं. व्हिडिओ कॉलवर पोलिसांच्या वेषातला माणूस ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणाला तर सरळ कट करायचं. कायद्यात अशी अटक नाहीच.

पैसे गेलेच तर लाजेपोटी गप्प बसू नये, हे बाबांना आत्ताच सांगून ठेवा. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, मग बँकेला. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. रक्कम चोराच्या खात्यातच असेपर्यंत गोठवता येते. ती त्याने एका खात्यातून दुसऱ्यात फिरवून काढून घेतली, की परत मिळणं कठीण. १९३० हा नंबर आजच त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या.