माझी वर्डप्रेसवर घरगुती मसाल्यांची माहिती देणारी वेबसाइट आहे. तिच्यावरच ऑनलाइन विक्री सुरू करावी की शॉपिफायवर वेगळं दुकान काढावं? खर्च किती येईल?

आहे त्याच साइटवर वूकॉमर्स बसवा, म्हणजे वर्डप्रेसला ऑनलाइन दुकान जोडणारा प्लगइन. मसाल्यांबद्दल वाचायला जी माणसं तुमच्या पानांवर येतात, त्यांना खरेदीसाठी दुसऱ्या पत्त्यावर पाठवू नका. शॉपिफाय वाईट नाही, पण त्याचं दरमहा भाडं आहे. शिवाय भारतात बाहेरचाच पेमेंट गेटवे (गिऱ्हाईकाचे पैसे ऑनलाइन घेऊन आपल्या खात्यात जमा करणारी सेवा) लावावा लागतो आणि त्या व्यवहारांवर शॉपिफाय आपला हिस्सा वेगळा घेतं. वूकॉमर्सचा मूळ प्लगइन २०११ पासून फुकट आहे. २०१५ मध्ये ऑटोमॅटिकने ते घेतलं, म्हणजे वर्डप्रेस डॉट कॉम चालवणाऱ्यांनीच. त्यामुळे ते उद्या बंद पडेल ही धास्ती नको.

पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलं आहे, 'डेव्हलपर म्हणतो प्लगइन टाकला की दोन दिवसांत दुकान सुरू.' हे वाक्य मला झोंबलं. २०२२ च्या मार्चमध्ये मी हेच ऐकलं होतं.

आमची राजापूर तालुक्यात हापूसची कलमं आहेत. बाग माझा चुलतभाऊ बघतो, मी त्याला दादा म्हणतो. मी नोकरीमुळे पुण्यात. आजोबांपासून माल वाशीला जायचा आणि दलालाची पट्टी येईल तो भाव. लॉकडाउनच्या वर्षी घरपोच पेट्या द्यायला लागलो, तेव्हा मी एक साधी साइट काढली. बागेचे फोटो, आंबा आढीत कसा पिकवतो त्याची माहिती आणि खाली दादाचा नंबर. दोन वर्षांनी तिला दुकान जोडायचा हट्ट माझाच. दादाला ते पसंत नव्हतं. "बोललेलं गिऱ्हाईक आपलं असतं. बटण दाबणाऱ्याला काय आपली ओळख?" असं त्याचं म्हणणं.

पुण्यातल्या एका छोट्या कंपनीला काम दिलं. त्यांनी वूकॉमर्स टाकलं, गेटवेचा प्लगइन टाकला, मी माझ्या लॅपटॉपवरून कार्डाने एक ऑर्डर करून बघितली. पैसे गेले, ऑर्डर आली, मेल आला. झालं, असं सगळ्यांनी मानलं.

त्या वर्षी अक्षय तृतीया ३ मे ला होती. आमच्या बागेत मोहोर अवकाळी पावसात गेला होता, म्हणून सणाला दोन डझनांचे ६० बॉक्सच निघणार होते. साइटवर ६० चा आकडा टाकला. ३० एप्रिलला सकाळी ठाण्याच्या एका बाईंचा फोन आला. त्यांचे पैसे चार दिवसांपूर्वी गेले होते आणि आमच्याकडून एक ओळ आली नव्हती. मी डॅशबोर्ड उघडला तर त्यांची ऑर्डर 'कॅन्सल्ड'. मग गेटवेचा हिशेब उघडला. तिथे ७४ जणांचे पैसे जमा होते. साइटवर पक्क्या ऑर्डरी ६०.

हे कसं झालं ते मी नंतर रात्री बसून समजून घेतलं. तुमच्या डेव्हलपरला हेच विचारायचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. गिऱ्हाईक मोबाइलवरून ऑर्डर करतं, यूपीआय निवडतं, फोनवर पेमेंटचं ॲप उघडतं, पिन टाकतं, पैसे जातात. इथे पुष्कळ माणसं फोन खाली ठेवतात. ब्राउझरमध्ये परत येतच नाहीत. आमच्या साइटला पैसे मिळाल्याची खबर फक्त गिऱ्हाईक परत आल्यावरच कळत होती. ते आलं नाही की ऑर्डर 'पेंडिंग पेमेंट'. आणि वूकॉमर्समध्ये एक सेटिंग असतं, पैसे न आलेल्या ऑर्डरसाठी माल किती मिनिटं राखून ठेवायचा. मुळात तिथे ६० असतं. तास झाला की ऑर्डर आपोआप रद्द, माल परत शिल्लकीत, आणि तोच बॉक्स पुढच्या माणसाला विकायला मोकळा. असे १४ बॉक्स दोनदा विकले गेले. पैसे न आलेली ऑर्डर अशी रद्द झाली की त्याचा मेल कोणालाच जात नव्हता, ना गिऱ्हाईकाला ना आम्हाला. 

यावर उपाय आहे वेबहुक. म्हणजे गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट कळवतो की अमक्या ऑर्डरचे पैसे आले, गिऱ्हाईक परत येवो न येवो. गेटवेच्या डॅशबोर्डवर तुमच्या साइटचा एक पत्ता आणि एक गुप्त शब्द भरायचा असतो. अर्ध्या तासाचं काम. ते कोणी केलं नव्हतं. कंपनी म्हणाली गेटवेचा दोष, गेटवेवाले म्हणाले साइटचा दोष. माझ्या मते दोष कंपनीचा, आणि लॅपटॉपवर कार्डाने एकदा बघून समाधान मानलं म्हणून माझाही. आपलं गिऱ्हाईक फोनवर यूपीआयने पैसे देणार हे मला ठाऊक होतं.

गोष्ट इथे संपली असती तर मी एवढं लिहीत बसलो नसतो. मी दादाला फोन केला, १४ बॉक्स कमी पडतायत म्हणून. तो जरा थांबून म्हणाला, "त्या साठातले नऊ मी कालच गाडीवर दिले." फोनवर शब्द दिलेली त्याची नेहमीची माणसं. नावं त्याच्या वहीत होती, साइटला त्यांचा पत्ता नाही. त्या नवांपैकी एकानेही तोवर पैसे दिले नव्हते. म्हणजे पैसे भरलेली माणसं ७४ आणि हातात बॉक्स ५१.

दादा म्हणाला, शेजारच्या बागेतून २३ बॉक्स उचलू आणि आपल्या नावाने पाठवू. मी नाही म्हटलं. आमच्या पानावर आमच्या बागेचा फोटो आहे आणि खाली 'याच कलमांचा आंबा' असं लिहिलं आहे. ज्यांचे पैसे आधी आले त्यांना आधी, या क्रमाने ५१ जणांची यादी केली, ज्यांच्या ऑर्डरी चुकून रद्द झाल्या होत्या त्यांच्यासकट. राहिलेल्या २३ जणांना वहिनीने एकेक करून फोन केले. आठ जण आठवडाभर थांबायला तयार झाले, पंधरा जणांचे पैसे परत केले. त्यात जळगावचे एक गृहस्थ होते. त्यांच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या पानात वाढल्याशिवाय घरात कोणी आंबा खात नाही. परतावा खात्यात दिसायला पाच ते सात दिवस लागतात हे वहिनीने सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे सणाला पैसेही नाहीत आणि आंबाही नाही." त्यांनी पुन्हा कधी ऑर्डर केली नाही.

तेव्हापासून घरात कुठलंही कार्य असलं की दादा चार माणसांत सांगतो, साइटने बागेचं नाव घालवलं. मला हे मान्य नाही. चौदांचा घोळ वेबहुक नव्हता म्हणून झाला आणि नवांचा घोळ वहीमुळे. वही आणि साइट वेगवेगळा माल मोजत असतील तर कुठलंही सॉफ्टवेअर तुम्हाला वाचवणार नाही. २०२३ पासून फोनवरची ऑर्डरही वहिनी फोन ठेवायच्या आधी वूकॉमर्सच्या ॲपमध्ये टाकते आणि ती 'प्रोसेसिंग' (म्हणजे पक्की) केली की शिल्लक तिथेच कमी होते. आणि साठ बॉक्स निघणार असतील तर साइटवर पन्नासच दाखवतो. त्यानंतर एकही बॉक्स दोनदा विकला गेलेला नाही. दादाच्या ओळखीच्या माणसांना बॉक्स आजही मिळतात, फक्त त्यांचं नाव यादीत चढल्यावर.

आता तुमचं. घरात फोन कोण उचलतं, दुकानात समोरासमोर विक्री कोण करतं, आणि ती माणसं प्रत्येक विक्री त्याच ॲपमध्ये टाकतील का, हे आधी ठरवा. नाही म्हणाली तर साइटचा माल वेगळ्या फळीवर ठेवा आणि त्याला कोणी हात लावायचा नाही. थीमचा रंग नंतर बघता येईल.

साइटवर कॅशिंगचा प्लगइन (पानांची तयार प्रत ठेवून साइट जलद करणारा) असेल तर कार्ट, चेकआउट आणि 'माय अकाउंट' ही तीन पानं त्यातून वगळा, नाहीतर लोकांना जुनी किंवा दुसऱ्याचीच कार्ट दिसू शकते. डिलिव्हरीचा दर वजनानुसार लावायची सोय मूळ वूकॉमर्समध्ये नाही, ठरावीक दर, मोफत किंवा स्वतः घेऊन जाणे एवढंच आहे. पिनकोडनुसार विभाग मात्र पाडता येतात. मसाला वजनाला जड, त्यामुळे तुम्हाला खऱ्या वजनाचेच पैसे पडतील. पण पुढे पापड-कुरडया ठेवल्यात तर कुरियरवाले खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. ३५ बाय ३५ बाय २५ च्या खोक्यात दोन किलो पापड असले तरी पैसे सहा किलोंच्या वर लागतात.

खर्चाचं म्हणाल तर होस्टिंग आणि डेव्हलपर यांचे दर माणसागणिक बदलतात, ते मी सांगत नाही. गेटवे साधारण २ टक्के घेतात आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे हजार रुपयांच्या ऑर्डरमागे २३ रुपये ६० पैसे. यूपीआयवर एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घेतलं जाणारं बँकेचं शुल्क, नाही म्हणून गेटवेची फीही नसेल असं धरून चालू नका, करार वाचा. आम्ही पंधरा जणांना पैसे परत केले तेव्हा गेटवेने आपली फी आम्हाला परत दिली नव्हती.

हे सगळं महिन्याला पाच-दहा ऑर्डरी येणाऱ्यांसाठी नाही. तेवढ्यासाठी आहे त्या पानावर गेटवेची पेमेंट लिंक लावा, बाकी फोनवर. आणि अपडेट, बॅकअप बघणारं घरात कोणीच नसेल तर मी वर काहीही म्हटलं असलं तरी शॉपिफायचं भाडं भरणं बरं. वूकॉमर्सची राखण आपल्यालाच करावी लागते.

सुरू करायच्या आदल्या दिवशी दहा रुपयांची एक वस्तू साइटवर ठेवा. फोनवरून यूपीआयने घ्या, पैसे गेले की ब्राउझर बंद करून टाका. मग दुसऱ्या फोनवर ऑर्डर बघा. ती स्वतःहून 'प्रोसेसिंग' झाली नसेल तर डेव्हलपरचे उरलेले पैसे देऊ नका.

आणखी एक, आमच्या बाबतीत हा प्रश्नच आला नाही म्हणून शेवटी आठवलं. ताज्या आंब्याला जीएसटी नाही, मसाल्याला आहे. महाराष्ट्राबाहेर एक पाकीट जरी विकायचं असेल तरी नोंदणी लागते, वर्षाला ४० लाखांच्या विक्रीपर्यंत नोंदणी नको ही सवलत तिथे चालत नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न सुरक्षा खात्याचा, क्रमांकही पाकिटावर हवा. दोन्ही कामं साइटच्या आधी सुरू करा आणि तोवर डिलिव्हरीच्या विभागात फक्त महाराष्ट्र ठेवा.