कुत्र्याला लस दिल्यावर सुस्ती आणि गाठ आलीय, घरगुती उपाय काय करावा?
काल नाइन-इन-वन (अनेक आजारांवरची एकत्र लस) दिली आणि आज पिल्लू नुसतं पडून आहे म्हणताय, तर घाबरू नका, एक-दोन दिवस सुस्ती, बारीक ताप, कमी खाणं हे चालतं. आमची राणी तर रेबीजच्या इंजेक्शननंतर दिवसभर सोफ्याखाली जाऊन बसते, चपातीचा तुकडा दाखवला तरी नुसती शेपटी हलवते.

गाठ दुखत असेल तर गार पाण्यात पिळलेला रुमाल पाच-दहा मिनिटं ठेवा, चोळू मात्र नका. पाणी जवळ ठेवा, मऊ भात आणि बिनमिठाचं उकडलेलं चिकन द्या, त्यात कांदा-लसूण अजिबात नको, कुत्र्यांना विषारी असतो. हळदीचा लेप वगैरे लोक सांगतात पण ती चाटून पोटात जाते, फायदा मला तरी दिसला नाही. आणि माणसांची क्रोसिन, ब्रुफेन चुकूनही देऊ नका, जिवावर बेतू शकतं.

तोंड सुजलं, अंगावर गांधी उठल्या, सारख्या उलट्या, धाप लागली किंवा कोसळलं तर घरचे उपाय सोडा आणि लगेच डॉक्टर गाठा, अशी रिअॅक्शन बहुतेक वेळा काही मिनिटांत किंवा तासांतच येते. गाठ तीन आठवड्यांनी पण तशीच असेल किंवा वाढत असेल तरी दाखवून घ्या.